देणगी कशासाठी, हा रकाना

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. हिशेब तपासण्याचं काम करतो आणि त्यात निरनिराळ्या धर्मांच्या सेवाभावी संस्थांच्याही वह्या हाताखालून गेल्यात. त्यामुळे तुमच्यासारखेच ओळखीचे लोक हटकून विचारतात, "गरिबांसाठी पैसे द्यायचेत, धार्मिक संस्थेला द्यावेत का? की तो सगळा धर्म वाढवायचाच उद्योग?"

द्या. पण 'अन्नदानासाठीच' असं बांधून देऊ नका.

देणगीच्या पावतीवर 'कशासाठी' असा एक रकाना असतो. बहुतेक जण तिथे अन्नदान लिहितात, नाहीतर बांधकाम. एकदा लिहिलं की तो पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. मग सणासुदीला धान्य ठेवायला जागा पुरत नाही आणि त्याच संस्थेकडे एखाद्या कुटुंबाचं थकलेलं घरभाडं भरायला दमडी नसते. भाडं थकलं म्हणून ते कुटुंब बाहेर पडतं आणि चार दिवसांनी अन्नदानाच्या रांगेत दिसतं. ताळेबंद मात्र चोख जुळलेला असतो!

पगाराचा विषय तर काढायचीच सोय नाही. "आमचे पैसे पगारात तर जाणार नाहीत ना?" असं देणगीदार दरडावून विचारतात. पण कोणाला कर्जाचा हप्ता भारी झालाय, कोणाची कागदपत्रं अडलीत, हे घरोघर जाऊन बघणाऱ्याने फुकट किती वर्षं राबायचं?

गंमत अशी, की धर्मांच्या जुन्या नियमांना हे ठाऊक होतं. कुराणात जकातीचे, म्हणजे मुसलमानांनी द्यायच्या सक्तीच्या दानाचे, आठ वाटेकरी सांगितलेत (सूरह तौबा, आयत 60). त्यात गरीब आहेत, कर्जात बुडालेले आहेत आणि जकात गोळा करणारे कर्मचारीही आहेत. बाराव्या शतकातला यहुदी पंडित मायमोनिडीस याने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला उभं करणं ही त्यातली सगळ्यांत वरची. 1462 साली इटलीतल्या पेरूजा शहरात फ्रान्सिस्कन साधूंच्या पुढाकाराने गरिबांसाठी गहाणवटीची पेढी निघाली. सावकारापेक्षा कितीतरी स्वस्त. पण अशा पेढ्या खर्च भागवायला थोडं व्याज घेत, म्हणून धर्ममार्तंडांनी ओरड केली. तो वाद चर्चच्या परिषदेत 1515 साली मिटला, पेढ्यांच्या बाजूने. म्हणजे खर्चावरून नाक मुरडणं आजचं नाही.

माझं आवडतं उदाहरण स्पेनमधल्या मोंद्रागोन गावाचं. अरिस्मेंदियारिएता नावाचा तरुण पाद्री 1941 साली तिथे आला. 1943 मध्ये त्याने तंत्रशाळा काढली. तिथे शिकलेल्या पाच जणांनी 1956 मध्ये कामगारांच्याच मालकीचा कारखाना सुरू केला आणि त्यातून पुढे सहकारी उद्योगांचं मोठं जाळं उभं राहिलं. शाळेपासून कारखान्यापर्यंत तेरा वर्षं लागली. इतकी वर्षं एका जागी पाय रोवून बसणं धार्मिक संस्थांना जमतं. प्रकल्पाची मुदत संपली की गाशा गुंडाळायचा, असं त्यांचं नसतं. दर आठवड्याला माणसं जमतात, कोण आलं नाही ते कळतं. सरकारी योजनेला हे सहसा साधत नाही. पैशाच्या बाबतीत मात्र सरकारची बरोबरी त्यांना जमायची नाही, ती अपेक्षाही नको.

आता धर्म वाढवण्याचं. शंका निराधार नाही. मदतीआधी प्रवचनाला बसवणाऱ्या संस्था मी पाहिल्यात. धान्याची पिशवी घेणाऱ्या बाईला फोटो निघेपर्यंत हात तसाच धरून ठेवायला लावणाऱ्याही. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, म्हणून दुसरा फोटो काढला! पण मदत धर्माचं किंवा राजकारणाचं मत पुढे रेटायला वापरायची नाही, असं आपत्तीतल्या मदतकार्याची 1994 ची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता सांगते, आणि ती घडवणाऱ्यांत रेड क्रॉसबरोबर कॅरितास, लूथरन वर्ल्ड फेडरेशन अशा धार्मिक संस्थाही होत्या.

तेव्हा संस्थेत जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा. परधर्मीयाला मदत मिळते का, आणि गेल्या वर्षी किती जण स्वतःच्या पायावर उभे राहून रांगेतून कायमचे बाहेर पडले. उत्तरं पटली, तर पावतीवरच्या त्या रकान्यात लिहा : 'संस्थेला योग्य वाटेल त्या खर्चासाठी, पगारासह'.