‘तमस’मधला नथू

भीष्म साहनींच्या कादंबरीवरचा, फाळणीच्या वेळच्या दंगलींवरचा गोविंद निहलानींचा ‘तमस’ मी पुन्हा लावला की सुरुवातीच्या प्रसंगापाशीच अडकते. कोंदट खोली, मिणमिणता दिवा आणि ओम पुरीचा नथू एका डुकराला मारायला धडपडतोय. कातडी कमावणारा माणूस तो, डुक्कर मारणं त्याचं काम नव्हे. पण ठेकेदारानं पैसे हातात कोंबून सांगितलंय की सलोतरी साहेबांना, म्हणजे गुरांच्या डॉक्टरांना हवंय. साहेबाच्या कामाला नाही कोण म्हणणार? सकाळी डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडतं आणि शहर पेटतं.

नथूच्या मनात कुणाहीबद्दल द्वेष नाही. दंगल घडवणाऱ्याला द्वेष्टा माणूस लागतच नाही. ज्याला उलटं विचारायची सोय नाही असा गरजू माणूस त्याला पुरतो. द्वेष मागाहून येतो, भीतीच्या पाठोपाठ. गुरुद्वारात कोंडलेली माणसं बघा. हल्लेखोर येताहेत या नुसत्या कल्पनेनं त्यांच्या डोक्यात शेकडो वर्षांपूर्वीच्या लढाया जाग्या होतात. शेवटी बायका मुलांना कडेवर घेऊन विहिरीत उडी घ्यायला निघतात. मार्च १९४७मध्ये रावळपिंडी जिल्ह्यात, थोहा खालसा इथे हे खरोखर घडलं होतं. उत्तरा बावकरांचा चेहरा त्या प्रसंगात मला बघवत नाही, तरी मी बघते.

मी कल्याणची. खाडीपलीकडच्या भिवंडीत मामाचे माग होते, त्यामुळे १९७०ची दंगल आमच्या घरात कायम दबक्या आवाजात बोलली जायची. त्या दंगलीनंतर भीष्म साहनी त्यांचे भाऊ, अभिनेते बलराज साहनींबरोबर भिवंडीत आले होते. जळकी घरं पाहून त्यांना स्वतःची रावळपिंडी आठवली आणि ते ‘तमस’ लिहायला बसले. हे कळलं तेव्हापासून मला ही गोष्ट पंजाबची म्हणून बाजूला ठेवता आलेली नाही.

१९८८मध्ये दूरदर्शनवर मालिका लागली तेव्हा लोक भडकतील म्हणून ती थांबवायला काही जण कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी ती स्वतः पाहिली आणि स्थगिती उठवली. सर्वोच्च न्यायालयानंही तेच मान्य केलं. सामान्य माणसाला सत्य झेपणार नाही, ही भीतीही कुणीतरी पसरवतच असतं.

कादंबरीतला एक तपशील मला सगळ्यात जास्त छळतो. गावातली प्रतिष्ठित मंडळी सुरुवातीलाच इंग्रज डेप्युटी कमिशनर रिचर्डकडे जाऊन हातापाया पडतात, की काहीतरी करा. तो हातावर हात ठेवून बसतो. पुढे गावंच्या गावं जळाल्यावर एक विमान वरून चक्कर मारून जातं आणि मारामाऱ्या थांबतात. एका विमानाच्या फेरीत जे थांबलं, ते इतके दिवस का चालू दिलं? मग अमन कमिटीची, म्हणजे शांतता समितीची बस निघते. तिच्यात पुढे बसून एकीच्या घोषणा देतो तो मुराद अली, डुक्कर मारायला लावणारा तोच माणूस. बसमधल्या कुणालाच ते ठाऊक नाही. ओळखू शकला असता तो नथू, पण तो तोवर मेलेला असतो.