प्लॉटिंगचा जमाखर्च मांडायला बसलो आणि नकाशापाशी अडलो

सातबारा, फेरफार, घरपट्टीचं रजिस्टर, पाणीपट्टीची थकबाकी, सगळं भराभर हाती आलं. अडलं ते एका मंजूर नकाशापाशी. तो ज्या कार्यालयात होता त्याचं नाव लिहीत नाही, पण डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून हे सविस्तर.

आमच्या गावाच्या शिवेला, ओढ्याच्या अलीकडे, १३२ प्लॉटचं लेआउट पडलं. चुन्याच्या रेघा, कमान, कमानीवर लाइटिंग. पाठोपाठ मालकाचा अर्ज ग्रामपंचायतीत: गावच्या योजनेतून पाणी घ्यायला ना हरकत दाखला द्यावा. ग्रामसभेत लगेच दोन तट पडले. मी पतसंस्थेत हिशेब लिहितो आणि पाणीपुरवठा समितीवरही आहे, तेव्हा सरपंच म्हणाले, "अण्णा, तुम्हीच एकदा कागदावर मांडा, गावाला येणार किती आणि जाणार किती."

जमेची बाजू सोपी होती, ती सगळ्यांच्या तोंडीच होती. घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते, त्यामुळे नव्या आरसीसी बंगल्याची पट्टी आमच्या जुन्या मातीच्या घरांपेक्षा कितीतरी जास्त. मोकळ्या प्लॉटलाही कर लागतो. खरेदीखताच्या वेळी मुद्रांक शुल्कावर जिल्हा परिषदेचा १ टक्का अधिभार घेतात, त्यातला वाटा ग्रामपंचायतीला येतो. कधी येतो ते विचारू नका. गवंडी, वीटवाले, ट्रॅक्टरवाले यांना दोन-चार वर्षं हाताला काम. शाळेचा पट वाढेल असंही एकजण म्हणाला, ते मी लिहिलं नाही. प्लॉट घेणारे सगळे पुण्या-मुंबईचे, ते काय पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत घालणार आहेत होय!

खर्चाची बाजू लिहिताना पेन थांबायला लागलं. जल जीवन मिशनचा हिशेब माणशी दिवसाला ५५ लिटरचा. घरात पाच माणसं धरली तर १३२ घरांना रोज ३६,३०० लिटर. आमची टाकी ५० हजार लिटरची आणि मे महिन्यात ती दिवसातून एकदा भरली तरी आम्ही खूश असतो. पथदिव्यांचं बिल, घंटागाडीची फेरी, गटाराची सफाई वेगळीच. यातली गोम अशी की वित्त आयोगाचा जो निधी गावाला मिळत आलाय, तो २०११ च्या जनगणनेतल्या लोकसंख्येवर. सहाशे माणसं नव्याने राहायला आली तरी त्यांच्या नावाने निधीत एक रुपया वाढत नाही. जमीन विकली चार भावकीतल्यांनी, पैसा त्यांना एकदाच आणि घसघशीत मिळाला. दिव्याचं बिल मात्र दर महिन्याला सगळ्या गावाचं. शिवाय जमिनीचा भाव चढल्याबरोबर हक्कसोडपत्रावरून बहीण-भावांची जी बोलणी बंद झाली, ती कोणत्या रकान्यात लिहायची हे मला आजही कळलेलं नाही.

पण खरा प्रश्न होता रस्ते, पाणी, गटार करायचं कोणी आणि नंतर सांभाळायचं कोणी. ते लिहिलेलं असतं मंजुरीच्या पत्रातल्या अटींत आणि नकाशात. मालकाच्या ऑफिसात मागितलं तर गुळगुळीत रंगीत ब्रोशर हातात दिलं. त्यात बाग होती, जॉगिंग ट्रॅक होता, ओढा मात्र नव्हता.

म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी, नकाशा मंजूर करणाऱ्या कार्यालयात गेलो. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी वर न बघताच विचारलं, "तुम्ही प्लॉटधारक का?" म्हटलं, नाही, गावचा आहे. "मग तुम्हाला कशाला पाहिजे?" हा प्रश्न त्यांना विचारता येत नाही. माहिती कशासाठी हवी हे सांगायचं बंधन कायद्यात नाही. पण त्यांच्याशी तोंडी वाद घालण्यात अर्थ नव्हता. सरळ माहिती अधिकाराचा अर्ज केला: जोडपत्र अ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा तक्रारीचा पाढा वाचू नका. गट नंबर लिहा आणि मंजूर रेखांकन नकाशा, मंजुरीचं पत्र आणि त्यातल्या अटी, एवढंच मागा.

आवक टेबलावर नवीनच. "साहेबांची सही झाली की पोहोच देतो." साहेब कुठायत? व्हीसीला, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीला, बसलेत. मी म्हटलं, बसू द्या, मीही बसतो. जेवणाची सुट्टी होऊन गेली तेव्हा माझ्या प्रतीवर शिक्का पडला. पोहोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका, ३० दिवस त्या शिक्क्यापासून मोजतात. हल्ली ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे, ज्यांना ही झोंबाझोंबी नको त्यांनी ती बघावी.

तीस दिवस कोरडे गेले. मग पाकीट आलं. आत एका ओळीचं उत्तर: सदर माहिती त्रयस्थ पक्षाची असल्याने देता येत नाही. पत्रावरची तारीख मुदतीच्या आतली, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का मुदतीनंतरचा! ते पाकीट मी नीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं. तुम्हीही सरकारी पाकिटं फेकत जाऊ नका.

२० रुपयांचं तिकीट लावून प्रथम अपील केलं. मुद्दे दोनच. त्रयस्थ म्हणायचं तर अर्ज आल्यापासून पाच दिवसांत त्या त्रयस्थाला नोटीस द्यायची आणि त्याला म्हणणं मांडायला दहा दिवस द्यायचे, ती नोटीस दाखवा. आणि उत्तर मुदतीनंतर आलंय, म्हणजे कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्या.

सुनावणी सकाळची होती, हाक आली दुपार कलल्यावर. मधला सगळा वेळ व्हरांड्यातल्या बाकड्यावर. समोर लोखंडी कपाट, त्यावर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, आणि एका गठ्ठ्यावर खडूने आमच्याच गावाचं नाव. हात लांबवला असता तर लागला असता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक शिपायाला वाटत होतं की हा काका पंख्याखाली बसायला आलाय.

आत गेल्यावर अपीलीय अधिकाऱ्यांनी विचारलं, "नोटीस कुठे आहे?" जन माहिती अधिकारी फाइल चाळत राहिले. मी पाकीट पुढे केलं. साहेबांनी ते उलटंसुलटं करून बघितलं, शिक्का उजेडात धरला आणि काही न बोलता लिहायला घेतलं: माहिती विनामूल्य द्यावी. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी छाती दोन इंच फुगली.

तरी संपलं नव्हतंच. नकाशा अंगण झाकेल एवढा आणि कार्यालयातलं झेरॉक्स मशीन लहान. शिपायाबरोबर बाहेरच्या प्लॅन झेरॉक्सवाल्याकडे गेलो, तिथे पैसे कोणी द्यायचे यावर फोनाफोनी. रक्कम किरकोळ होती, पण मी खिशात हात घातला नाही. शेवटी जन माहिती अधिकाऱ्यांनी स्वतःच्या पाकिटातून पाठवले.

आणि अटींच्या यादीत स्वच्छ लिहिलेलं होतं: पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची व्यवस्था अर्जदाराने स्वखर्चाने करावी. म्हणजे ज्या पाण्यासाठी तो ग्रामपंचायतीचं दार वाजवत होता, ते द्यायची जबाबदारी त्याने आधीच स्वतःवर लिहून घेतली होती. नकाशात ओढाही सापडला. ४,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या लेआउटला १० टक्के खुली जागा सोडावी लागते. ती सगळी ओढ्याकाठच्या त्या घळीत दाखवलेली, जिथे पावसाळ्यात म्हसरं नेत नाही आम्ही. ब्रोशरमधली बाग तीच.

मग माझा कागद पुन्हा लिहिला. पाण्याचा खर्च काढून टाकला, दिवे आणि घंटागाडी ठेवली, डंपरने उखडलेला पाणंद रस्ता नव्याने घातला. एवढ्यावर प्लॉटिंग गावाला परवडतं असं माझं मत झालं आणि तसं मी सभेत बोललो, तेव्हा विरोधवाले माझ्यावरच चिडले. ठराव झाला: पाण्याचा दाखला नाही; रस्ते, गटार, दिवे पूर्ण केल्याशिवाय ग्रामपंचायत काही ताब्यात घेणार नाही. ग्रामसभेला गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १००, जी संख्या कमी असेल ती. सह्या मोजून घ्या, नाहीतर ठराव उडवायला पुढचा टपलेलाच असतो.

मालकाने आता स्वतःची विहीर खणायला घेतली आहे, आमच्या सार्वजनिक विहिरीच्या वरच्या अंगाला. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नाही, त्यामुळे टेप घेऊन मोजणं चालू आहे.

एक राहिलंच. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटिंगला महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते आणि त्यांच्या संकेतस्थळावर मंजुरीचे कागद बघायला मिळतात. आमच्या वेळी नोंदणी झालेली नव्हती, तुमची झालेली असेल तर आधी तिथे बघा. पण सभेत किंवा पंचायत समितीत दाखवायची प्रत कार्यालयातूनच सही-शिक्क्याची घ्या. डाउनलोड केलेल्या कागदाला तिथे कोणी हिंग लावून विचारत नाही.