रेल्वे फाटकाच्या कामाचं बिल आणि फ्लॅगमनचे तास: माझा अनुभव

अमेरिकेत राज्याचा महामार्ग विभाग एखादं रेल्वे फाटक सुधारतो किंवा रुळांवरून पूल बांधतो, तेव्हा रुळांचं आणि सिग्नलचं काम सहसा रेल्वे कंपनीच करते आणि झालेला खर्च विभागाकडून वसूल करते. आपल्याकडे डिपॉझिट वर्क (दुसऱ्या खात्यासाठी रेल्वेने करून दिलेलं काम) म्हटलं की पैसे आधी भरावे लागतात. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, बहुतेक मालगाडी कंपन्या खासगी आहेत. त्या आधी खर्च करतात आणि मग बिल लावतात. केंद्राचा पैसा असेल तर ते बिल 23 सीएफआर (केंद्रीय नियमांचा संग्रह), भाग 140, उपभाग आय या नियमांत बसावं लागतं. मी एका छोट्या रेल्वे कंपनीसाठी अशी बिलं तयार करतो. अशाच एका कामात करार, साहित्य, सिग्नलची जोडणी सगळं सुरळीत पार पडलं. अडकलं ते फ्लॅगमनच्या तासांवर, आणि त्याचा राग अजून डोक्यात आहे.

ठेकेदाराची माणसं रुळांजवळ काम करत असली की गाड्यांपासून त्यांना सांभाळायला कंपनीचा फ्लॅगमन हजर राहतो. केंद्रीय सुरक्षा नियमांनुसार जवळच्या रुळाच्या बाहेरच्या बाजूला 4 फुटांच्या आत माणूस किंवा यंत्र आलं की ते गाडीच्या वाटेत आलं असं धरतात. बऱ्याच कंपन्या मात्र 25 फुटांच्या आतल्या कामालाही फ्लॅगमन लावतात, कारण क्रेनचा हात कुठवर जाईल याचा भरवसा नसतो. कलम 140.916 प्रमाणे हा खर्च मिळतो. अट एवढीच की करारात किंवा मंजूर वर्क ऑर्डरमध्ये ती बाब लिहिलेली हवी. आमच्या करारात ती होती.

तरीही बिल अडलं. विभागाच्या ऑडिटरने आमची टाइमशीट आणि साइटवरच्या निरीक्षकाची डायरी शेजारी शेजारी ठेवली. डायरीत "पाऊस, ठेकेदार आला नाही" अशी नोंद, आणि आमच्या कागदावर त्याच दिवशी पूर्ण पाळी. अशा सगळ्या दिवसांचे पैसे रोखले गेले. वस्तुस्थिती सरळ होती. फ्लॅगमन ठेकेदारानेच मागवला होता, रद्द केल्याचं वेळेत कळवलं नव्हतं, आणि युनियनच्या करारानुसार माणूस कामावर हजर झाला की किमान तासांची मजुरी द्यावीच लागते. खर्च खरा होता आणि कामासाठीच झाला होता. पण "डायरीशी जुळत नाही" या एका शेऱ्यावर फाइल ऑडिटकडून प्रकल्प अभियंत्याकडे आणि तिथून परत आमच्याकडे फिरत राहिली. प्रत्येक टेबलाला तीच माहिती वेगळ्या तक्त्यात हवी होती. ऑडिटरने प्रश्न विचारणं रास्तच आहे. सरकारी पैसा आहे. पण निरीक्षकाच्या डायरीत फ्लॅगमनसाठी रकानाच नसतो, आणि जे तिथे लिहिलंच जात नाही त्याच्या आधारे मजुरी नाकारणं मला आजही पटत नाही.

शेवटी बिल सुटलं ते दोन कागदांवर. पहिला म्हणजे डिस्पॅचरची, म्हणजे गाड्यांची वाहतूक नियंत्रित करणाऱ्याची, नोंद. रुळांवर काम करण्याची परवानगी किती वाजता दिली आणि किती वाजता परत घेतली, हे तिथे वेळेसकट असतं आणि ते बिल बनवणाऱ्याच्या हातातलं नसतं, म्हणून ऑडिटरला चालतं. दुसरा, ठेकेदाराने फ्लॅगमन मागवल्याचा ईमेल. जिथे ईमेल होता त्या दिवसांचे पैसे मिळाले. जिथे मागणी नुसती फोनवर झाली होती ते दिवस बुडाले.

म्हणून फ्लॅगमनचा रोजचा कागद असा हवा: 6:45 हजर. 7:10 डिस्पॅचरची परवानगी. 7:30 ठेकेदाराच्या माणसांना सुरक्षा सूचना, त्यांच्या सह्या घेतल्या. 11:20 पाऊस, क्रेन बंद. 11:40 ठेकेदार साइट सोडून गेला. 12:05 परवानगी परत. वर वर्क ऑर्डर क्रमांक आणि फाटकाचा राष्ट्रीय क्रमांक, म्हणजे सहा आकडे आणि एक अक्षर. एकाच पाळीत दोन फाटकं सांभाळली असतील तर तास तिथल्या तिथे विभागून लिहायचे. आठवड्याच्या शेवटी आठवून केलेली विभागणी टिकत नाही. प्रवासाचा वेळ आणि ओव्हरटाइम वेगळ्या ओळीत. कंपनीचं छापील टाइमशीट पगारासाठी बनवलेलं असतं, त्यावर यातलं निम्मंही मावत नाही.

आणखी एक, फ्लॅगमनचे पैसे राज्य देणार की ठेकेदार, हे करारात पाहून मगच बिल लावा. ठेकेदार देणार असेल आणि थकवत असेल तर ते राज्याला लगेच कळवणं कंपनीवर बंधनकारक आहे. गप्प बसून वर्षाअखेरीस तक्रार करण्यात अर्थ नाही.

साहित्याचं त्या मानाने सोपं आहे. कंपनीच्या स्टोअरमधून दिलेला माल त्या वेळच्या स्टॉक दराने (कंपनीच्या साठ्यातल्या मालाचा दर) लावायचा. हाताळणीचा प्रत्यक्ष खर्च जमवत बसण्यापेक्षा त्या मालाच्या रकमेवर 5 टक्के घेण्याची मुभा आहे. लहान कंपनीने तीच घ्यावी. क्रेडिट, म्हणजे परत आलेल्या मालापोटी बिलातून वजा करायची रक्कम, मात्र विसरू नका. काढलेले रूळ पुन्हा वापरायला घेतले तर स्टॉक दराने वळते करायचे. तात्पुरत्या वापरातून चांगल्या स्थितीत परत आलेल्या मालाला, लावलेल्या दरातून 10 टक्के घट धरून क्रेडिट. जुना माल भंगारात काढण्याआधी राज्याला तो पाहण्याची संधी द्यायची आणि तसं पत्र फाइलला लावायचं. क्रेडिटची ओळ कोरी दिसली की ऑडिटर बाकीच्या ओळी दुप्पट बारकाईने वाचतो.

खरं तर हे सगळ्यात आधी यायला हवं: केंद्राची मंजुरी मिळण्यापूर्वी झालेला खर्च केंद्राच्या निधीतून मिळत नाही. अभियंत्याने आधीच साइट पाहून नकाशे काढले असतील तर ते तास वेगळ्या खात्यात टाका. हिशेबनीस बिल तयार करण्यात जो वेळ घालवतो तो मात्र मागता येतो, नोंद असेल तर. माझे तास मी त्याच वर्क ऑर्डरवर रोज लिहितो आणि ते मिळालेही आहेत.

ओव्हरहेड (कंपनी चालवण्याच्या सामायिक खर्चाचा वाटा) देणं राज्याच्या मर्जीवर आहे, त्यामुळे दर करारातच ठरवून घ्या. जाहिरात, कर्जावरचं व्याज, दंड, देणग्या, लॉबिंग यांतलं काही त्या दरात मिसळलेलं सापडलं तर अख्खा दर पुन्हा तपासायला जातो.

अंतिम बिल काम पूर्ण झाल्यापासून एका वर्षात द्यायचं, नाहीतर आधी मिळालेली रक्कमच शेवटची धरली जाऊ शकते. त्यानंतर 3 वर्षं ऑडिट होऊ शकतं, आणि ही 3 वर्षं बिलाच्या तारखेपासून नव्हे, शेवटचा पैसा हातात आल्यापासून मोजतात. आमचे रोखलेले पैसे उशिरा आले, त्यामुळे आमची मुदतही तेव्हापासूनच सुरू झाली. डिस्पॅचरच्या नोंदी त्याआधीच सिस्टीममधून पुसल्या जाऊ शकतात, म्हणून त्या दर महिन्याला काढून टाइमशीटच्या मागे लावून ठेवा.