आमची वाटचाल: ईपीएबीएक्स दुरुस्तीपासून कंटेनरपर्यंत

आम्ही सुरुवात केली ती रत्नागिरीत, ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातल्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजच्या, दुरुस्तीची. लॉजवाले, पतसंस्था, आंबा बागायतदार हे गिऱ्हाईक. पावसाळ्यात वीज कडाडली की लायनीवरून येऊन कार्ड जाळायची. उरलंसुरलं काम खाऱ्या हवेचं.

मग अ‍ॅस्टरिस्क हाती लागलं. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं हे टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर फुकट, आणि साध्या पीसीवर चालणारं. हंगामात 'पेटीच्या ऑर्डरसाठी एक दाबा' एवढं सांगायला बागायतदाराला आणखी काय हवं?

खरी कसोटी लागली ती एकाच इमारतीतल्या पतसंस्था, दवाखाना आणि बुकिंग ऑफिसला एका मशिनवर बसवताना. प्रत्येकाला स्वतंत्र एलएक्ससी कंटेनर, म्हणजे एकाच लिनक्स मशिनवरचा वेगळा कप्पा, दिला. पण कंटेनरला स्वतःचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर हाताळणारा सिस्टिमचा गाभा, नसतो. वाड्यात बिऱ्हाडं अनेक, विहीर एकच. त्यामुळे टेलिफोन कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे डाडी (२००८ पर्यंत झॅपटेल, ट्रेडमार्कच्या भानगडीत नाव बदललं), होस्टवरच, म्हणजे मूळ मशिनवरच, लोड करायचा आणि चॅनलही तिथेच कॉन्फिगर करायचे. आत द्यायच्या त्या फक्त डिव्हाइस फायली, म्हणजे कार्डापर्यंत पोचायची दारं.

त्यासाठी परवानग्या दोन लागतात. फाइल बाइंड माउंट करून (होस्टवरची फाइल आत जोडून) कंटेनरला दिसली पाहिजे, आणि सीग्रुपमध्ये (कंटेनरने काय वापरायचं ते ठरवणाऱ्या कर्नलच्या सोयीत) त्या डिव्हाइसच्या मेजर नंबरला, म्हणजे ड्रायव्हर ओळखायच्या आकड्याला, मुभा पाहिजे: डाडीचा १९६, यूएसबी सिरियलचा १८८. फक्त पहिली दिली तर फाइल दिसते, पण उघडत नाही, आणि माणूस अ‍ॅस्टरिस्कला शिव्या घालत बसतो. सीग्रुपची दुसरी आवृत्ती आल्यावर तर कॉन्फिगमधल्या ओळीचं नावच बदललं. अनप्रिव्हिलेज्ड कंटेनर (आतला रूट, बाहेर साधा यूझर) असेल तर आतून फाइलचा मालक 'नोबडी' दिसतो. होस्टवर मॅप झालेल्या यूझर आयडीला मालकी द्यावी लागते.

'कंटेनर प्रिव्हिलेज्ड करा, सगळं खुलं करा, झंझटच नको,' असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. शेजारच्या कंटेनरमध्ये पतसंस्थेचं कॉल रेकॉर्डिंग असताना आम्ही ते करत नाही.

जीएसएम डोंगल, म्हणजे सिमकार्ड घालायचं यूएसबी यंत्र, मात्र अजून पिडतो. लाइट गेली-आली की तो नव्या नंबरावर उगवतो, आणि कंटेनर जुन्याच फायलीला धरून बसतो. युडेव्हचा (डिव्हाइसला नाव देणाऱ्या लिनक्सच्या सेवेचा) नियम लिहून डोंगलला कायमचं नाव दिलं, तरी कंटेनर रीस्टार्ट करावाच लागतो. त्यापेक्षा एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून येणारी फोनलाइन, बरा, पण पावसात ब्रॉडबँड गेलं की फोन डोंगलवरच येतात. सध्या दापोलीकडच्या एका लॉजचं काम चालू आहे. रेंज फक्त गच्चीवर मिळते, म्हणून मशिन जिन्याखाली आणि अँटेना पाण्याच्या टाकीपाशी लावतोय.