कुठलाही खोका

घर बदलायचं म्हणून परवा वाण्याकडे गेलो. "खोका असेल तर द्या."

"कुठला?"

"कुठलाही. भांडी भरायचीत."

"संध्याकाळी माल येईल, तेव्हा या."

बरं म्हणून परतलो आणि वाटेत हसू आलं. याच 'कुठलाही खोका'वरून लोजबानवाल्यांनी एकमेकांचं डोकं पिकवलं आहे.

लोजबान ही मुद्दाम घडवलेली भाषा. जेम्स कुक ब्राउन यांनी अमेरिकेत 1955 साली 'लोगलान' रचायला घेतली. भाषा बदलली की विचारही बदलतो का, हे त्यांना तपासायचं होतं. पुढे 1987 मध्ये त्यातूनच लोजबानची वेगळी चूल मांडली गेली. पाया तर्कशास्त्राचा, त्यामुळे एका वाक्याच्या रचनेतून दोन अर्थ निघता कामा नयेत. मूळ शब्द सहा भाषांतले ध्वनी कालवून केलेले. त्यांत हिंदी आहे, मराठीला बोलावणं नाही. चालायचंच.

तिथे नामाआधी 'लो' लावतात. पूर्वी या 'लो'च्या पोटात 'किमान एक' दडलेलं असे. 'मि नित्शु लो तान्खे', म्हणजे मला खोका हवाय. काटेकोर अर्थ लावला तर: जगात किमान एक खोका असा आहे, की जो मला हवाय. अहो, पण तसा कुठलाच नाही! माळ्यावरचा नाही, टेम्पोतला नाही, तरी मला खोका हवाच आहे. बरीच वर्षं यावर खल झाला आणि या शतकाच्या सुरुवातीला 'लो'च्या पोटातला तो आकडा काढून टाकला. आमचा वाणी 'लो'शिवायच समजला होता.

दुसरं त्यांचं लाडकं वाक्य: तीन कुत्रे दोन माणसांना चावले. माणसं किती? लोजबानमध्ये आकडे आले त्या क्रमाने अर्थ लागतो. प्रत्येक कुत्र्याच्या वाट्याला दोन, म्हणजे इंजेक्शनच्या रांगेत सहा जण असू शकतात. मराठीत आपण नुसतं 'दोन-दोन माणसांना' म्हणतो. एक शब्द दोनदा उच्चारला की हिशेब चुकता. मला याचा उगाच अभिमान वाटला. मग 'सगळे आले नाहीत' आठवलं. काही जण आले की कुणीच नाही? लग्नघरातल्या आचाऱ्याला विचारा.

संध्याकाळी गेलो. वाण्याने "हा घ्या खोका" म्हणून पुठ्ठा पुढे सरकवला. चार भिंती होत्या, तळ नव्हता. लोजबानमध्ये 'लो'चा धाकटा भाऊ आहे, 'ले': बोलणारा ज्याला खोका म्हणतो ते, मग प्रत्यक्षात ते काहीही असो.

पुठ्ठा काखोटीला मारला आणि सुतळी मागितली.