चित्ररथांच्या फुटेजची प्रॉक्सी: माझा अनुभव

बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. सकाळी हातात पाच-सहा तासांचं फुटेज असतं: दोन कॅमेरे फोर-के, सेकंदाला २५ फ्रेमचे, आणि एक मोबाईल. एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकलं की अडकत चालतं. बरेच जण लगेच रॅम वाढवायला निघतात; माझा उपाय प्रॉक्सी, म्हणजे फक्त कट करण्यासाठी काढलेली फुटेजची हलकी नक्कल. आधी फाइल कशी बांधलीय ते बघा की!

व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतींना कोडेक म्हणतात. एच.२६४ आणि एच.२६५ या कोडेकमध्ये पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवतात, मधल्या फ्रेममध्ये नुसता फरक. मधेच कट मारला की कॉम्प्युटरला मागच्या पूर्ण चित्रापासून जुळवत यावं लागतं. प्रोरेस आणि डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. फाइल फुगते, पण प्रोसेसरचं ओझं उतरतं.

सगळं फुटेज फोर-के प्रोरेस ४२२ मध्ये करायचं म्हटलं तर तासाला २२० जीबी लागतात. म्हणून मी १०८० ची प्रोरेस प्रॉक्सी करतो, तासाला १७ जीबी. कट तिच्यावर, शेवटचा एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून. प्रॉक्सीचं नाव, टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळ) आणि ऑडिओ चॅनलची संख्या मुळासारखीच ठेवायची. चॅनल कमी पडले की प्रीमियर हे एडिटिंग सॉफ्टवेअर प्रॉक्सी जोडून घेत नाही. कार्डवरचं फोल्डर आख्खं कॉपी करायचं, नुसत्या क्लिप उचलायच्या नाहीत. नाहीतर जुन्या एव्हीसीएचडी फॉरमॅटच्या कॅमेऱ्याचं लांब रेकॉर्डिंग तुकड्यांत पडतं आणि सांध्यावर आवाज तुटतो.

खरा घोळ मोबाईलचा. सेटिंगमध्ये ३० दिसतं, पण उजेड कमी-जास्त झाला की फ्रेमरेट हलतो. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट मोडपुढं 'व्हेरिएबल' (बदलता) दिसलं तर प्रॉक्सी करण्याआधी ती फाइल स्थिर फ्रेमरेटची करून घ्यायची. ढोलावर टिपरू पडताना बघा: सुरुवातीला ठोका आणि आवाज एकत्र, वीस मिनिटांनी टिपरू कातड्यावरून उचललं तरी आवाज यायचाच असतो. २५ च्या टाइमलाइनवर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची; पाच फ्रेमचा फरक कुणालाही कळतो. आवाज पुढं-मागं सरकवून हे मिटत नाही, कारण फरक वाढत जातो. शटर एन्कोडर या कन्व्हर्जनच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर ३० फ्रेमची फाइल काढायची, आवाज पीसीएम (न दाबलेला), ४८ किलोहर्ट्झ. थेट २५ करू नका, सहातली एक फ्रेम गळते आणि लेझीमचे हात झटके खातात. पुढच्या वेळी मोबाईलच २५ वर लावणं सगळ्यात बरं.

१० बिटचं लॉग फुटेज (नंतर कलर करण्यासाठी फिकट घेतलेलं) प्रॉक्सी न करता पूर्णच दुसऱ्या कोडेकमध्ये करायचं असेल तर डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स घ्या. एचक्यू ८ बिटचं, म्हणजे कमी छटांचं आहे; त्यात धुरावरच्या रंगीत उजेडात कलर करताना पट्टे उठतात.

रात्री कन्व्हर्जन लावून झोपायचं असेल तर सगळं एका लांब फाइलमध्ये जोडू नका, क्लिपवार रांग लावा. एमओव्ही फाइलची अनुक्रमणिका साधारणपणे शेवटी लिहिली जाते. मधेच लाईट गेली की अर्धवट फाइल उघडत नाही, पण आधीच्या क्लिप शाबूत राहतात. सकाळी प्रत्येक प्रॉक्सीची लांबी मूळ क्लिपशी ताडून बघतो, मगच कार्ड फॉरमॅट करतो.