तुम्ही विचारलंत म्हणून: मटेरियलच खराब होतं ना?

"मॅडम, मटेरियलच खराब आहे ना?"

भोसरीतल्या माझ्या टेस्टिंग लॅबमध्ये तुटलेला जॉब, म्हणजे मशिनवर बनवलेला भाग, घेऊन येणारा वर्कशॉपवाला खुर्चीत टेकायच्या आधी हे विचारतो. बारवाल्याला, म्हणजे पोलादाचे गज पुरवणाऱ्याला, पाठवायची डेबिट नोट (नुकसानीचे पैसे कापायची चिठ्ठी) बहुतेकदा तयारच असते, माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो. इतक्या जणांनी विचारलंय की एकदा सविस्तर सांगून टाकते.

मागे एकजण गिअरबॉक्सचा शाफ्ट घेऊन आले. ईएन 19 ग्रेडचं पोलाद, व्यास 40 मिलिमीटर, बेअरिंगच्या स्टेपपाशी, म्हणजे जाडी बदलते त्या खांद्यापाशी, साफ दोन तुकडे. बरोबर त्यांचा टर्नर होता, दाराशीच उभा. तुटलेली दोन्ही तोंडं मालकांनी एकमेकांना जुळवून दाखवली, "बघा, कसं मोडलंय!" मी ओरडलेच. तोंडं एकमेकांवर घासली की त्यावर लिहिलेलं पुसलं जातं. तुटलेला जॉब जसा आहे तसा, दोन्ही तुकडे वेगवेगळे गुंडाळून आणायचा. वायर ब्रश नाही, पाणी नाही, वेल्डिंग तर नाहीच.

त्या तोंडावर भिंग धरलं. कडेपासून आत वाकड्या रेघा सरकत गेलेल्या, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा. आम्ही त्यांना बीच मार्क म्हणतो. म्हणजे शाफ्ट एका झटक्यात तुटला नव्हता. कडेला केसाएवढी भेग पडली, शाफ्ट फिरत राहिला तशी ती थोडी थोडी आत गेली, आणि उरलेलं लोखंड एक दिवस सुटलं. तो शेवटचा खरबरीत भाग जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढा होता. इतक्याशा जागेने शेवटपर्यंत लोड पेललं, म्हणजे लोड काही अफाट नव्हतं. "ऑपरेटरने ओव्हरलोड केलं असेल" ही मालकांची दुसरी शंका तिथेच गेली.

तरी सगळ्या टेस्ट केल्या. स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय काय किती आहे ते सांगणाऱ्या मशिनवर, केमिस्ट्री बरोबर. हार्डनेस ड्रॉइंगप्रमाणे. तुकडा पॉलिश करून नायटल हे ॲसिडचं द्रावण लावलं, मायक्रोस्कोपखाली टेम्पर्ड मार्टेन्साइट, म्हणजे नीट हीट ट्रीटमेंट झालेल्या पोलादाची रचना, हीट ट्रीटमेंटवाल्याला नाव ठेवायला जागा नाही. मग ड्रॉइंग मागवलं. स्टेपच्या कोपऱ्याला रेडियस, म्हणजे गोलाई, 2 मिलिमीटर लिहिलेला. जॉबवर मोजला तर 0.4. इन्सर्टच्या, म्हणजे लेथवर कापणाऱ्या पात्याच्या, टोकाचा जो रेडियस तोच जॉबवर उतरला होता. दिसायला फरक एवढासा, पण कोपऱ्यातला ताण साधारण दीडपट होतो, आणि तो प्रत्येक फेऱ्याला. दाराशी उभ्या टर्नरने पुढे येऊन कोपऱ्यावरून नख फिरवलं आणि मालकांकडे न बघता परत जागेवर गेला. त्याला माझ्या रिपोर्टची गरज नव्हती.

मालक म्हणाले, "पण आतून दाणेदार दिसतंय की! लोखंड कुजलंय." ही समजूत जुनी आहे. 1842 मध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, पन्नासाहून जास्त माणसं गेली, आणि तेव्हाही मोठमोठे इंजिनिअर मानत की हादरे खाऊन लोखंडाचे तंतू जातात आणि त्याचे स्फटिक होतात. पुढच्याच वर्षी रँकिन या इंजिनिअरने तुटलेले आस बघून सांगितलं, की भेग खांद्याच्या कोपऱ्यातून हळूहळू आत जाते, तिथे चांगली गोलाई ठेवा. भोसरीत हे अजून पोचायचंय.

मटेरियल कधीच दोषी नसतं असं नाही. एकदा ईएन 24 या निकेलवाल्या ग्रेडचं म्हणून आलेल्या तुकड्यात निकेल 0.1 टक्के निघालं. हवं 1.3 ते 1.7. म्हणजे ते ईएन 24 नव्हतंच. आता बारवाल्यावर सगळे तुटून पडणार, तेवढ्यात स्टोअरवाल्याने रॅक दाखवला. बारच्या टोकाला ग्रेडचा रंग असतो, आणि यांच्याकडे कापायला सुरुवात नेमकी रंगाच्या टोकाकडून. उरलेले बार सगळे सारखेच काळे, एकाच रॅकवर. ईएन 19 त्यातच मिसळलेलं.

आणि 12.9 चे, म्हणजे फार कडक ग्रेडचे, झिंक प्लेटिंगचे बोल्ट. संध्याकाळी टाइट केले, सकाळी काहींची डोकी खाली पडलेली. तिथेही केमिस्ट्री चोख. ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन आत शिरतो, इतक्या कडक बोल्टला तो ठिसूळ करतो. प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास तासन्‌तास भाजायचे असतात. प्लेटिंगवाल्याने भाजले नव्हते. पण ऑर्डरवर हे भाजणं, बेकिंग, लिहिलंच नव्हतं, मग तो कशाला गॅस जाळेल?

शाफ्टवाल्यांनी रिपोर्ट वाचला, घडी घातली, म्हणाले, "मटेरियलबद्दल एखादी ओळ टाकता येईल का?" टाकली होतीच. मटेरियल ड्रॉइंगप्रमाणे आहे, अशी. डेबिट नोटचं पुढे काय झालं मी विचारलं नाही. इन्सर्ट मात्र बदलले.

तीन महिन्यांनी ते पुन्हा आले, दुसऱ्या मशिनची पिन घेऊन. दोन तुकडे, दोन वेगळ्या पिशव्यांत, व्यवस्थित गुंडाळलेले. मला बरं वाटलं. पिशवी उघडली तर तुटलेलं तोंड आरशासारखं चमकत होतं.

"तुम्हाला नीट दिसावं म्हणून," ते म्हणाले, "मी स्वतः पॉलिश पेपर मारून आणलंय."